मर्जीचा वास

माझ्या नवऱ्याला माझा वास सहन होत नाही.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तरी नीट ऐकाल. गल्लीत याच्या नाना कथा झाल्यात. कुणी म्हणतं भरतेश मगदूमचं बाहेर काहीतरी आहे. कुणी म्हणतं, बायकोच्या तोंडाला कंटाळून गेला बिचारा. तोंडाळ मी आहेच, कबूल. पण लग्नाआधीपासून आहे, आणि ते ऐकूनच त्याने मला मागणी घातली होती. आमचं कॉलेजातलं जमलेलं, त्यामुळे मी त्याला नावानेच हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खपलं नाही.

भरतेश सांगलीत पाटबंधारे खात्यात. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की हा पडद्यावरचे पाणीपातळीचे आकडे बघत बसायचा, आणि एक विझली की दुसरी सिगारेट. आता सगळं यंत्रच बघतं म्हणतात. तरी यंत्रावर नजर ठेवायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला सिगारेट लागते. मी काय नाही केलं? शपथा घातल्या, पाकिटं गटारात फेकली, आमच्या चार्वीला लहानपणी पुढे करून रडायला लावलं. दोन दिवस सोडायचा, तिसऱ्या दिवशी परसात दबकत जाऊन ओढून यायचा. पन्नाशीला त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निम्मी गेलीत, असंच चालू ठेवलंत तर फार तर पाच वर्षं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा मात्र दवाखान्याबाहेर आल्या आल्या खिसा चाचपत होता. असा संताप आला होता मला!

इ-सिगारेटवर आपल्याकडे कितीतरी वर्षं बंदी होती. मग डॉक्टरच्या चिठ्ठीवर, फक्त सिगारेट सोडवण्यापुरती, ती मिळायला लागली. मिरज रस्त्याला ‘निर्धूर’ नावाचं केंद्र उघडलं. मी भरतेशला अक्षरशः हाताला धरून तिथे नेलं.

तिथल्या डॉ. उत्तूरे म्हणजे चाळिशीच्या बाई, बोलणं गोड, समजावून सांगायची हौस. म्हणाल्या, “तलफ एकट्या निकोटीनची नसते, मगदूमसाहेब. डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, मग पुढे जातं. वासाला ती चौकी नाही. तो नाकातून थेट आठवणींच्या आणि हव्यासाच्या जागी पोचतो. साध्या इ-सिगारेटमध्ये निकोटीन असतं, पण तो ओळखीचा धुराचा वास नसतो. म्हणून लोक चार दिवस ती ओढतात आणि पुन्हा टपरीवर जातात.”

“बरोबर,” भरतेश म्हणाला. इतक्या मनापासून की मी त्याला चिमटा काढला.

“आमचं यंत्र तलफेला दुसरा वास देतं. तुम्हाला मुळातच प्रिय असलेला. पहिल्या टप्प्यात निकोटीन पुरेपूर आणि सोबत तो वास. मेंदू धूर विसरतो, या वासाच्या मागे लागतो. दुसऱ्या टप्प्यात निकोटीन कमी करत शून्यावर आणायचं. तिसऱ्यात वाफेत एक कडवट औषध, पोटात किंचित ढवळेल एवढंच. मग मेंदूच म्हणतो, नको बाबा हे यंत्र. सुटलात.”

“आणि त्या वासाचं काय होतं?” मी विचारलं.

“काय व्हायचंय? कॉफीचा घेतला असेल तर काही महिने कॉफी नकोशी होईल. चहा प्यायचा.”

आम्ही तिघंही हसलो.

पुदिना, कॉफी, वेलदोडा, नवं पुस्तक असे बरेच वास त्यांच्याकडे तयार होते. पण कुणाला स्वतःचा आणायचा असेल तर तीही सोय होती. त्याला ते ‘मर्जीचा वास’ म्हणायचे. वस्तू आणून द्यायची, ती काचेच्या पेटीत दिवसभर ठेवायची, यंत्र तिच्यातला वास टिपून घ्यायचं. काउंटरवरच्या मुलीने भरतेशला विचारलं, तुम्हाला सगळ्यात शांत कशाने वाटतं? या बाबाने दुसऱ्या दिवशी घरातून काय न्यावं? माझी गोधडी. माझ्याच जुन्या सुती साड्यांची, सासूबाईंनी शिवलेली. रोज मी ती पांघरायची आणि पहाटे याने ती ओढून घेऊन तोंडावरून घ्यायची, हा आमचा नेहमीचा तंटा. त्या मुलीला वाटलं जुन्या कापडाचा वास हवा असेल. तिने घेतली. गोधडीला माणूस कोण समजतं?

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. मी त्याला फुंकणी म्हणायचे. चुलीपुढच्या फुंकणीसारखंच ते, फक्त पांढरं आणि टोकाला निळा दिवा. पहिल्या दिवशी भरतेशने ते माझ्या नाकाशी धरलं. “ओळख.”

मला कसलाच वास येईना. “कोमट पाण्याची वाफ आहे नुसती. फसवलं तुला.”

“तुला कसा येईल?” तो म्हणाला. “तू आहेस ती.”

मला लाजल्यासारखं झालं या वयात. बाहेर जाऊन उगीच झाडांना पाणी घातलं.

पहिले पंधरा दिवस नुसता वैताग. घसा कोरडा ठाक. मग तोंड आलं, वरण सोडून काही खाववेना. मग उचक्या. डोकं दुखायचं, छातीत धडधडायचं. आणि खोकला? सिगारेटी ओढताना नव्हता एवढा. मी उत्तूरेबाईंना फोन लावला. “अहो, हे बरं व्हायला दिलंय की मरायला?” त्या म्हणाल्या, श्वासनळ्यांत झाडूसारखे बारीक केस असतात, धुराने लुळे पडलेले, ते आता जागे झालेत, झाडलोट करतायत. धीर धरा. मी धीर धरला. भरतेशने पण धरला. चिडायचा, आदळआपट करायचा, पण टपरीवर गेला नाही.

आणि मग आमच्या घरात भलतंच सुरू झालं. माझा चटणीचा डंक आहे, घराला लागूनच. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या मिरच्या माझ्याकडे कांडायला येतात, एरवीही थोडंफार चालू असतं. दिवाळीनंतर एका दुपारी बायका बसलेल्या, मशीन चालू, आणि हा ऑफिसातून मध्येच घरी येऊन मागून माझ्या मानेपाशी नाक घालून उभा!

“अरे, शरम आहे का? पोरीचं लग्न झालंय आपल्या!”

“तलफ आली,” तो म्हणाला.

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी त्याला हाकलून लावलं. पण खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं. जेवताना चिकटून बसायचा. भाजीला निघाले तर पिशवी धरून मागे यायचा. त्याचा मेंदू धूर विसरला होता आणि माझ्या मागे लागला होता, उत्तूरेबाईंनी सांगितलेलं तंतोतंत. आम्ही पन्नाशीत नव्याने संसार मांडल्यासारखे वागत होतो. ते दोन-अडीच महिने मी जन्मात विसरणार नाही.

मग त्यांनी तिसऱ्या टप्प्याची कुपी बसवून दिली.

आधी तो जेवायला खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसायला लागला. मग झोपताना पाठ करून. मग म्हणाला, उकडतंय, मी बाहेरच्या खोलीत झोपतो. जानेवारीत उकडतंय! माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं. एका रविवारी मी मुद्दाम त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली, ज्वारीच्या गरम भाकऱ्या केल्या, आणि वाढायला त्याच्या अंगावरून वाकले. त्याने तोंडावर हात दाबला आणि मोरीकडे धावला. मला वाटलं, वांगं किडकं गेलं की काय. मी मागोमाग जाऊन पाठ चोळायला लागले, तशी त्याची उलटी आणखी जोरात आली. त्याने हात मागे करून मला ढकललं. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता.

मी भिंतीला टेकून उभी. तो मोरीच्या कट्ट्याला धरून, डोळ्यांतून पाणी गळतंय.

“त्रिशला, लांब हो गं,” तो म्हणाला. “पाया पडतो. तुझ्यामुळे होतंय.”

*

उत्तूरेबाईंच्या खोलीत आम्ही दोन कोपऱ्यांत बसलो. भरतेश उघड्या खिडकीशी, मी दाराशी. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, ती गोधडी कुणाची होती? भरतेशने माझ्याकडे बोट केलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगते. प्रत्येक माणसाच्या अंगाचा वास वेगळा, बोटाच्या ठशासारखा. रोगांशी लढायची शक्ती ज्या जनुकांवर ठरते, त्यांच्यावरच तो पुष्कळसा ठरतो. साबण, तेल, अत्तर हे सगळं वरवरचं. खालचा वास जात नाही. त्यांच्या यंत्राने काम चोख केलं होतं. गोधडीतली मिरची-हळद, कापड, धुलाईची पावडर बाजूला काढून जे कायम होतं तेवढंच उचललं होतं. म्हणजे मला. आणि तिसऱ्या टप्प्यात त्या वासाला पोटातलं ढवळणं जोडलं गेलं होतं. एखादं जनावर विषारी पाला खाऊन वाचलं तर पुन्हा त्या पाल्याला तोंड लावत नाही. ही जगण्याची फार जुनी तऱ्हा आहे आणि ती मेंदूत जिथे बसलीय तिथे बायको कोण, पाला कोण हे कळत नाही.

“किती दिवसांनी जाईल?” भरतेशने विचारलं.

“कॉफीचं चार-सहा महिन्यांत जातं. कारण कॉफी टाळता येते, मेंदू विसरतो. इथे...” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही रोज समोर असणार. दर वेळी ते पुन्हा पक्कं होणार.”

“मग वर्षभर लांब ठेवा आम्हाला.”

“लांब राहूनही जाईलच असं नाही. तुमचा वास त्यांच्या मनात कॉफीएवढा उथळ नव्हता, ताई. म्हणून तर सिगारेट इतक्या सहज सुटली. जेवढं खोल होतं तेवढंच खोल हे बसलंय.”

“मग नाकच मारा त्याचं!” मी ओरडले. “जाळून टाका आतलं जे काय असेल ते!”

“जाळलं तरी उगवतं. वास घेणाऱ्या पेशी महिन्या-दोन महिन्यांत नव्या येतात. सिगारेटवाल्याचं नाक अर्धं बधिर असतं, कारण धूर त्या रोज मारत असतो. धूर थांबला, आता यांचं नाक विशीतल्या पोरासारखं झालंय.” मग बाई हळूच म्हणाल्या, “आमच्याकडे अशी केस पहिलीच.”

“केस? मी केस आहे होय? माझा नवरा घेतलात तुम्ही!”

त्यांनी माफी मागितली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हतं ते. पण त्या पाण्याचं मी काय करू?

घरी आल्यावर मी हात-पाय गाळून बसले नाही, एवढं सांगते. डंक बंद केला, कुलूप घातलं. गल्लीच्या बायका दारात येऊन भांडल्या, चटणीचा हंगाम तोंडावर होता. मी चातुर्मासासारखा कांदा-लसूण सोडला. केस कापले. डाळीच्या पिठाने, मग रिठ्याने, मग दवाखान्यात वापरतात त्या साबणाने अंग सोलवटेपर्यंत धुतलं. भरतेशने नाकाला बाम चोपडला, कापूर लावलेला रुमाल बांधला आणि माझ्याजवळ येऊन बसला. दोन मिनिटं. तीन. कपाळावर घाम जमला.

“येतोय?” मी विचारलं.

“बामाच्या आतूनही येतेस तू,” तो म्हणाला आणि उठून गेला.

तो गच्चीवरच्या खोलीत राहायला गेला. मी ताट जिन्यात ठेवायचे. पण भाकरी हाताने थापायची असते, आणि माझ्या हाताची भाकरी त्याच्या घशाखाली उतरेना, म्हणून मेसचा डबा लावला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडले. घरातल्या घरात आम्ही फोनवर बोलायचो. तो वर, मी खाली. आज पाणी किती आहे, गॅस संपलाय का, चार्वीचा फोन आला होता का. वरून त्याच्या पावलांचा आवाज यायचा आणि फोनमध्ये तोच आवाज पुन्हा. कधी कधी मी म्हणायचे, जिन्यात ये, मी अंगणात उभी राहते. वाऱ्याची दिशा बघून आम्ही एकमेकांना बघायचो. सिगारेट त्याने तोंडालाही लावली नव्हती. निर्धूरवाल्यांच्या लेखी तो साफ बरा झालेला माणूस होता.

*

चार्वीला सातवा लागला आणि पहिलं बाळंतपण म्हणून आम्ही तिला हुबळीहून माहेरी आणायचं ठरवलं. भरतेशला काय आनंद! गच्चीवरून फोन करकरून मला सूचना: तिची खोली पुसून घे, पंख्याला तेल दे, तिला आवडते ती शेंगदाण्याची चिक्की आण. मला वाटलं, घरात पोर आली की याचा जीव तरी रमेल. माझ्यापासून तुटला तो तुटला, लेकीत-नातवंडात तरी असेल.

गाडी दारात थांबली. तो खाली धावत आला. मी आधीच परसात जाऊन उभी राहिले होते, त्याच्या वाटेत नको म्हणून. मागच्या दारातून मला पुढचं दार दिसत होतं. चार्वी “बाबा!” म्हणून त्याच्या गळ्यात पडली. आणि मी त्याचा चेहरा बघितला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्याने दात आवळले, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, तिला जावयाकडे वळवलं आणि माझ्याच बाजूने परसात येऊन आंब्याच्या बुंध्याशी ओकला. मी दहा पावलांवर. आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिलो.

उत्तूरेबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, निम्मी जनुकं तुमची, निम्मा वास तुमचा. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चार्वीला किती समजावलं. शिकलेली पोर, तिला सगळं कळलं. तरी संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “आई, मी काय केलं गं बाबांना?” वर गच्चीवर त्याला ते ऐकू गेलं असणार, कारण पावलं थांबली.

आठव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, एवढीशी, मुठीएवढा चेहरा. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ते दिवस आम्हा सगळ्यांना काळजीचे, आणि भरतेशला सुखाचे. काचेतून वास येत नाही. तो ऑफिसातून थेट तिथे जायचा आणि भेटीची वेळ संपेपर्यंत काचेला कपाळ टेकून उभा राहायचा. घरी येऊन मला फोनवर सांगायचा, आज जांभई दिली, आज अंगठा धरला. “हनुवटी तुझी आहे,” म्हणाला. अजून काय काय माझं असेल ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बाळ घरी पाठवताना लहान मुलांच्या डॉक्टरांनी बजावलं: फुप्फुसं कच्ची आहेत. धूप नाही, उदबत्ती नाही, अंघोळीनंतर धुरी तर मुळीच नाही. सिगारेट ओढणाऱ्याला खोलीतसुद्धा येऊ देऊ नका; कपड्यांवरचा धूरही या पोरीला जड जाईल. मी म्हटलं, आमच्या घरात आता कुणी ओढत नाही. केवढ्या दिमाखात म्हटलं!

बारसं उशिरा केलं, बाळाने जरा अंग धरल्यावर. मोजकीच माणसं, सकाळची वेळ. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, प्रशांती. बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी दाराकडे बघत होते, कारण भरतेश वर बसून फोनवरच ऐकणार होता. तेवढ्यात तो जिना उतरून आला. नवा सदरा, भांग पाडलेला. सरळ माणसांत येऊन बसला. माझ्या नणंदेशी थट्टा केली, जावयाच्या पाठीवर थाप मारली, पुरणपोळी मागून घेतली. मी लांब सरकायला लागले तर मानेने ‘राहू दे’ म्हणाला. चार्वीने माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे असे चमकले! मला वाटलं, गेलं. गेलं हे संकट. मेंदू विसरला.

पंगत उठल्यावर मी मागच्या पडवीत भांडी मांडत होते. तो आला आणि माझ्या शेजारी बसला. गुडघ्याला गुडघा लागला. त्याने माझा हात हातात घेतला, तसाच ओला. मी श्वास रोखून धरला होता, जसं काही माझ्याच श्वासाने सगळं बिघडेल. मग श्वास सोडला, आणि आत घेतला, आणि मला कळलं.

“भरतेश, तू सिगारेट ओढलीस.”

तो हसला. दीनवाणं हसला. “पंधरा दिवस झाले. आधी काही उपयोग होत नव्हता. आता नाक बधिर झालंय. एक ओढली की तासभर काही येत नाही. तासभर, त्रिशला.”

“तुझी फुप्फुसं...”

“पाच वर्षं म्हणालेत ना? पाच तर पाच. तुझ्याजवळ बसून जातील. नाहीतर त्या गच्चीवर मी म्हातारा होऊन काय करू?”

मी भांडायला हवं होतं. आयुष्यभर याच वासावरून भांडले. पण मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. धुराचा तो घाण, आंबट वास, आणि मला तो सोडवेना. त्याने माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. मी “बरं” म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात चार्वी बाळाला घेऊन पडवीत आली. आम्हा दोघांना तसं बसलेलं बघून तिला रडूच फुटलं. “बाबा, घ्या ना हिला. तुम्ही एकदाही घेतलं नाहीत.”

त्याने हात पुढे केले. त्या हातांना जी घाई होती ती मी शब्दांत सांगू शकत नाही. चार्वी वाकली. बाळाचं डोकं त्याच्या कोपरापाशी टेकणार, आणि मी मध्ये हात घातला.

“नको.”

“आई! काय करतेस? आज पहिल्यांदा बाबा...”

“त्याच्या अंगाला धूर आहे.”

चार्वीने बाळ छातीशी ओढलं आणि मागे सरली. दार लावून घेतल्याचा आवाज आला. भरतेशचे हात तसेच पुढे होते. मग त्याने ते मांडीवर ठेवले.

“ओढल्याशिवाय घेता येत नाही,” तो म्हणाला, “आणि ओढल्यावर घ्यायचं नाही.”

“होय,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मी जाऊ?”

“जा,” मी म्हटलं.

*

त्याने कोयनेकडे बदली मागून घेतली. धरणाच्या वसाहतीत एक खोली आहे, तिथे राहतो. चार्वी बाळ चांगलं गुटगुटीत झाल्यावर सासरी गेली. घरात मी एकटी. डंक पुन्हा सुरू केलाय, हाताला काम हवं म्हणून.

चार्वी गेली त्याच दिवशी त्याचा फोन आला. “आता घरात लहान कुणी नाही. येऊ? सांगलीच्या स्टँडवर उतरून एक ओढतो, म्हणजे घरी येईपर्यंत...”

“नाही.”

“त्रिशला, मला जगायची एवढी हौस नाही.”

“मला आहे. तू जगायची मला हौस आहे. कळलं? तोंडाला सिगारेट लावलेली मला कळली तर मी फोनसुद्धा घेणार नाही तुझा. धमकी नाही ही, मला ओळखतोस तू.”

तो मला ओळखतो. त्याने पुन्हा सोडली. या वेळी फुंकणी नाही, औषध नाही, नुसती सोडली. एकटा, त्या खोलीत, कशी सोडली असेल तोच जाणे. मी रोज त्याला शिव्या घालायचे आणि तो ऐकून घ्यायचा.

काल त्याची वर्षाची तपासणी होती. दुपारी फोन आला. मी मिरच्यांची देठं काढत होते, हात तिखट, फोन खांद्याने कानाशी धरला.

“रिपोर्ट आला,” तो म्हणाला. “फुप्फुसं सुधारलीत. डॉक्टरला आश्चर्य वाटलं. म्हणाला, असेच राहिलात तर अजून पंचवीस वर्षं काही होत नाही तुम्हाला.”

“खरंच?”

“खरंच.”

याच बातमीसाठी मी सगळं केलं होतं. मी म्हटलं, “वा. छान झालं.”

“होय,” तो म्हणाला.

तिकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, मोकळा, घरघर नसलेला. अशी पंचवीस वर्षं. फोन कुणीच ठेवला नाही. मिरच्या घेऊन आलेली बाई बराच वेळ दारात उभी राहिली आणि मग पिशवी तिथेच ठेवून निघून गेली.